धुण्याआधी एक धागा ओढून बघा

जुने फ्रॉक जपायचे तर हलक्या हाताने धुवा, मग खळ देऊन, डांबरगोळ्या टाकून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, असा सल्ला देतात. त्यातलं खळ, डांबरगोळ्या आणि प्लास्टिक मला अजिबात पटत नाही. पुस्तकांना लागणारे चंदेरी किडे खळीवरच तर येतात, आणि आमच्या इंदूरच्या पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडून बुरशी धरते. जुनं धुतलेलं मलमल गुंडाळा, पुरे.

'हलक्या हाताने धुवा' हे मात्र बरोबर. पण आधी कापड ओळखा. जुन्या काळचे फुलाफुलांचे फ्रॉक सगळेच सुती नसतात, बरेच रेयॉनचे असतात. (रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, आपल्या इंदूरजवळच्या नागद्यात १९५४ पासून बनतो तोच.) रेयॉन ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, सूत उलट ओलं असताना जास्त मजबूत. माझ्या मावशीच्या निळ्या फ्रॉकच्या शिवणीतल्या दाबातून (आत दुमडलेल्या जादा कापडातून) मी एक धागा काढला, मध्यावर थेंबभर पाणी लावून ओढला, तर नेमका ओल्या जागी तुटला, म्हणजे तो रेयॉनचा. असा फ्रॉक पिळायचा नाही, ओला हँगरवर तर मुळीच नाही, पाण्याच्या वजनाने खांदे फाटतात. पंच्यात गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवा पसरा.