अलक लिहायचं वेड अजून कुणाला आहे?

सातपूरकर: सीबीएसवरून बसमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर अलक म्हणजे अतिलघुकथा लिहितो, पन्नासेक शब्द, स्टॉप यायच्या आत संपते आणि लगेच ग्रुपवर टाकतो, कादंबरी मात्र तीन वर्षं पहिल्याच प्रकरणात अडकलीये. तुम्हाला काय मिळतं यातून?

तर्री_जास्त: काटछाटीची मजा. माझी परवाची: "रामकुंडावर अस्थी सोडल्या आणि सवयीने त्याने बाबांनाच फोन लावला, पोचलो म्हणून." पुढे दोन ओळी रडारड होती, उडवली, ती वाचणारा स्वतःच भरतो.

गोदाकाठची काकू: मला तर पटापट येणारे रिप्लाय आवडतात, खोटं कशाला बोलू! पण नुसता शेवटी धक्का दिला की तो चुटका झाला हं.

सातपूरकर: पटलं काकू. फोनवाली वाचून स्टॉप चुकला राव माझा.