चौदावा आठवडा लागला आणि मळमळ एकदम थांबली: पुढच्या काही आठवड्यांत काय अपेक्षित असते?

प्रश्न – कर्वेनगरचे दोघे

नमस्कार. आमचे हे पहिलेच अपत्य आहे आणि पत्नीला चौदावा आठवडा चालू आहे. बाराव्या आठवड्यातील सोनोग्राफी आणि डबल मार्कर चाचणी (गर्भातील गुणसूत्रांच्या दोषांचा अंदाज देणारी रक्ततपासणी) या दोन्हींचे अहवाल चांगले आले आहेत. इतके दिवस तिला फोडणीचा वाससुद्धा सहन होत नव्हता; आता मात्र मळमळ थांबली असून भूकही नीट लागू लागली आहे. याचा आनंद वाटण्याऐवजी तिच्या मनात अशी शंका आली आहे की, त्रास गेला म्हणजे आत काही बिघडले तर नसेल ना. पोट दिसत नाही, हालचाल जाणवत नाही आणि पुढची तपासणी चार आठवड्यांनी आहे. कुशीवर वळताना किंवा पटकन उठताना जांघेच्या वरच्या बाजूला कळही येते. सर्व ठीक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, परंतु हे सगळे प्रश्न दवाखान्यातून घरी आल्यावरच सुचले. या काळात शरीरात काय घडते, कशाची काळजी करावी आणि कशाची करू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – निवृत्त परिचारिका, सोमवार पेठ

प्रसूती विभागात काम करताना ही शंका मी असंख्य जोडप्यांकडून ऐकली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मळमळीशी ज्याचा संबंध जोडला जातो, ते एचसीजी नावाचे संप्रेरक साधारण नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि त्यानंतर आपोआप उतरते. गर्भ टिकवून ठेवणारी संप्रेरके तयार करण्याचे काम तोपर्यंत वारेने (गर्भाशयात बाळाला पोषण पुरवणाऱ्या अवयवाने) आपल्याकडे घेतलेले असते. त्यामुळे या टप्प्यावर मळमळ थांबणे हे गर्भधारणा पुढे सरकत असल्याशी सुसंगत आहे. त्यातून काही बिघडल्याचा अर्थ काढू नये. काही जणींना हा त्रास सोळाव्या आठवड्यापर्यंत किंवा त्याहूनही पुढे राहतो, तेही असामान्य नाही.

बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या वर येऊ लागते, सोळाव्या आठवड्यात ते बेंबीपर्यंतच्या साधारण निम्म्या अंतरावर पोहोचते आणि विसाव्या आठवड्यात बेंबीच्या पातळीला येते. पहिल्या खेपेस पोटाचे स्नायू घट्ट असल्यामुळे पोट उशिरा दिसते. जांघेजवळची कळ बहुधा गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे बंध ताणले गेल्यामुळे येते. सावकाश उठावे आणि कूस बदलताना गुडघे दुमडून घ्यावेत म्हणजे ती कमी होते. बाळाची हालचाल पहिल्या वेळी बहुतेकींना अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान कळते आणि वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असल्यास त्याहूनही उशिरा कळते. म्हणून चौदाव्या आठवड्यात हालचालीची वाट पाहत बसू नये आणि घरी ठोके ऐकण्याचे यंत्र विकत आणू नये. त्यावर ठोके सापडले नाहीत तर विनाकारण घबराट होते आणि आवाज आला तर खरोखरच्या लक्षणाकडेही दुर्लक्ष होण्याची भीती असते.

या महिन्यांत रक्तदाब किंचित उतरतो, त्यामुळे अचानक उभे राहिल्यास चक्कर येऊ शकते. नाक चोंदते, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते, अंगावरून पांढरे जाते. हे बहुधा साधेच असते. परंतु स्रावाला दुर्गंधी येणे किंवा खाज सुटणे, लघवीला जळजळ होणे, ताप येणे, न थांबणारी कळ, रक्तस्राव किंवा पाणी जाणे यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर – दोन मुलांची आई, औंध

वरील उत्तरात खाण्याविषयी आले नाही, ते मी सांगते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बहुधा याच टप्प्यावर नियमितपणे सुरू होतात. सरकारी कार्यक्रमात दुसऱ्या तिमाहीपासून रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी आणि दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले जाते. आपल्या डॉक्टरांनी वेगळे प्रमाण लिहून दिले असेल तर तेच पाळावे. या दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत, त्यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर मुळीच घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौचाचा रंग काळपट होतो, त्याने घाबरू नये. बद्धकोष्ठता झाल्यास गोळी बंद करण्याऐवजी पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये व पाणी वाढवावे आणि तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी. घरातील वडीलधारी मंडळी दोन जिवांचे खायला सांगतात, त्यामागे माया असते. प्रत्यक्षात मात्र दिवसाला साधारण ३५० उष्मांक जास्त पुरतात, म्हणजे एखादी भाकरी, वाटीभर उसळ आणि थोडे दही. दातांचे काही काम राहिले असेल तर तेही याच तिमाहीत उरकून घेणे सोयीचे.

पुण्यापुरती एक गोष्ट आवर्जून सांगते. २०२४ च्या पावसाळ्यात शहरात झिकाचे रुग्ण आढळले आणि त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. झिकाचा विषाणू पसरवणारा डास दिवसा चावतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर आणि गच्चीवरील पिंप आठवड्यातून एकदा कोरडे करावेत, अंगभर कपडे घालावेत आणि अंगाला लावण्याचे औषध डॉक्टरांना विचारून वापरावे. ही कामे पतीने आपल्याकडे घ्यावीत असे मला मनापासून वाटते.

उत्तर – हडपसरचे बाबा

मी फक्त तारखांविषयी लिहितो. अवयवांची सविस्तर सोनोग्राफी, जिला सर्व जण ॲनॉमली स्कॅन म्हणतात, अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान करतात. तिची वेळ आजच ठरवून घ्या, कारण चांगल्या केंद्रांवर लगेच वेळ मिळत नाही. ही तारीख पुढे ढकलू नये असे मी आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. काही शंका आली तर पुन्हा सोनोग्राफी, हृदयाची वेगळी तपासणी किंवा गर्भजलाची चाचणी करावी लागते आणि काही अहवालांना दोन-तीन आठवडे लागतात. दुसरीकडे, गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांनंतर गर्भातील गंभीर व्यंगामुळे गर्भपात करायचा असला तरीही वैद्यकीय मंडळाचा निर्णय आवश्यक ठरतो. बहुतेक जोडप्यांवर ही वेळ येत नाही, तरीही विचार करायला अवधी हाताशी असावा. गर्भलिंग सांगणे व विचारणे हा १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हे नातेवाइकांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

पत्नी नोकरी करत असल्यास, प्रसूती रजेचा कायदा लागू असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्यांतील आठ आठवड्यांपर्यंत रजा बाळंतपणाआधी घेता येते. वडिलांच्या रजेचा खासगी क्षेत्रासाठी असा सरसकट कायदा नाही, म्हणून आपल्या कार्यालयाचे नियम आताच विचारून घ्या.

कर्वेनगरचे दोघे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सोनोग्राफीची वेळ उद्याच घेतो. एकच विचारायचे राहिले: पत्नी रोज स्कूटरवरून कार्यालयात जाते, ते चालू ठेवावे का?

निवृत्त परिचारिका, सोमवार पेठ

केवळ स्कूटरवर बसल्याने गर्भाला इजा होत नाही; खरा धोका पडण्याचा आणि अपघाताचा असतो. पावसात खड्डे दिसत नाहीत आणि पोट वाढल्यावर तोलही बदलतो, म्हणून जमेल तितके लवकर रिक्षा, बस किंवा मेट्रो सुरू करावी असे माझे मत आहे. मोटारीतून जाताना पट्ट्याचा खालचा भाग पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर राहील असा लावावा. वार खाली असल्याचे अहवालात लिहिले असेल किंवा मध्यंतरी रक्तस्राव झालेला असेल, तर मात्र प्रवासाबद्दल आधी आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.