मंडपाच्या जागेवर तेल कोणाचं?

बी-२०३ ताई: कोणी सांगेल का मंडपाच्या जागेवर हे काळं काय सांडलंय?? फरशी मे महिन्यात घासून घेतली, सगळ्यांनी पैसे दिलेत. उद्या मंडपवाले येणारेत. आणि माझ्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारावर शिंतोडे, एका सरळ रेषेत. नाव घेत नाही मी.

ए-३०३: नाव न घेता बोट बरोब्बर सी विंगकडे गेलंय 😄

सी-५०४: ताई बाईकला नवीन चेन आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) किट टाकलं म्हणून लूब, म्हणजे चेनचा तेलाचा स्प्रे, मारत होतो, पण खाली पुठ्ठा टाकला होता. सगळे डाग माझे नाहीत, काही जुनेच आहेत तिथे

सी-१०२ वहिनी: रात्री अकराला स्टँडवर गाडी लावून घूंऽऽ घूंऽऽ चाललं होतं तेही जुनंच का? बाळ उठलं ते पुन्हा झोपलंच नाही.

सी-५०४: वहिनी पाच मिनिटं फक्त. पहिल्या गिअरला चाक फिरत ठेवलं की लूब सगळीकडे लागतं

बी-४०२ काका: अरे बाबा इंजिन चालू ठेवून चेनपाशी हात? बोट चेन आणि स्प्रॉकेटमध्ये गेलं की संपलं, उरत नाही. इंजिन बंद, न्यूट्रल, मेन स्टँड, चाक हाताने फिरवायचं. शिंतोडेही त्यानेच उडाले. जोरात फिरणाऱ्या चेनवर स्प्रे मारलास तर तो बाहेरच फेकला जाणार, शेजारी ताईंची गाडी.

ए-१०१ अप्पा: रॉकेलने धुवा. मग जळकं ऑइल. ३० वर्षं हेच केलं.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती, पार्किंगमध्ये वाहन धुणे व दुरुस्ती करणे यास मनाई आहे. ठराव झालेला आहे. 🙏

ए-३०३: ठराव पाण्याचा होता साहेब, टँकरच्या वेळचा. तेलावर चर्चा झाली नव्हती, मी होतो मीटिंगला.

सेक्रेटरी: आपण सामोसे येईपर्यंत होतात.

सी-५०४: काका पण गॅरेजवाला म्हणाला नवीन चेन आधी पेट्रोलने धू, चिकट ग्रीस असतं त्यावर धूळ बसते. रविवारी धुवायचीच होती

बी-४०२ काका: अजिबात नको. फॅक्टरीतून लावून येतं ते ग्रीस चांगलं असतं, राहू दे. बाहेर जास्तीचं आलंय तेवढं कोरड्या फडक्याने पूस. तुझी चेन रबरी रिंगवाली आहे ना? ओ-रिंग? आत प्रत्येक कडीच्या पिन आणि बुशच्या (पिनेवरच्या नळीच्या) मध्ये ग्रीस भरून ती रिंग त्याला झाकणासारखी बसवलेली असते. पेट्रोलने रबर खराब होतं, मग आतलं ग्रीस निघून जातं आणि ते बाहेरून परत भरता येत नाही. वरून कितीही स्प्रे मार, तो रोलरला आणि रिंगला लागतो, आत जात नाही. तारेचा ब्रश पण नको, रिंगा कापतात.

ए-१०१ अप्पा: आम्ही रॉकेलच वापरलं. काही झालं नाही.

ए-३०३: अप्पा तुमची तर चेतक होती. चेतकला चेन कुठे होती? 😂😂

ए-१०१ अप्पा: चेतकच्या आधी राजदूत होती. तुमचा जन्म व्हायचा होता.

बी-४०२ काका: अप्पांचं त्या काळाला बरोबर आहे. साध्या चेनला रिंगच नसायची, रॉकेलने धुतली तरी बिघडत नव्हतं. रॉकेल रिंगवाल्या चेनलाही चालतं, पण चेन मळल्यावर, फडक्यावर घेऊन. जळक्या ऑइलचं मात्र पटत नाही अप्पा, त्यात इंजिनचा कीस आणि काजळी असते, तेच परत चेनला का चोळायचं.

सी-१०२ वहिनी: रॉकेल मिळतं तरी कुठे आता. बाय द वे मागच्या वर्षीच्या वर्गणीचा हिशोब अजून लागलेला नाही बोर्डावर.

सेक्रेटरी: हिशोब माघी गणपतीच्या आधीच लावला होता. बोर्डाची काच कोणी फोडली ते सर्वांना माहीत आहे.

सी-१०२ वहिनी: माझा मुलगा तेव्हा आजोळी होता.

*सी-१०२ वहिनी यांनी मेसेज डिलीट केला*

बी-२०३ ताई: विषय काय चाललाय आणि डागाचं काय??

बी-४०२ काका: ताई, त्यावर पाणी मारू देऊ नका कोणाला, पसरेल. आधी लाकडाचा भुसा नाहीतर रांगोळी टाकून तेल शोषून घ्यायचं, मग कपड्याची पावडर आणि ब्रश. ५०४ करेल.

सी-५०४: करतो. काका एक विचारू, चेन टाकल्यावर ढिली वाटली म्हणून गॅरेजमध्ये एकदम टाईट करून घेतली. आता गाडी जड चालते आणि घरघर येते

ए-१०१ अप्पा: रॉकेल.

बी-४०२ काका: ढील हवीच रे, म्हणजे चेन मधोमध वर-खाली थोडी हलली पाहिजे. तू बसलास, मागचे शॉकअप दबले की चेन ताणली जाते, ढीलच नसेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. किती ठेवायची ते स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर मिमीमध्ये लिहिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांना २०-३० च्या आसपास, पण तुझ्या गाडीचं वाच. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजायची, सगळ्यात टाईट जागा धरून. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या हव्यात, नाहीतर चाक तिरकं. नवीन चेन सुरुवातीला थोडी लांबते, ३००-५०० किमीला परत बघायची. नंतर साधारण ५०० ला लूब, पावसात भिजली की आधीच. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना, खालच्या बाजूने आतून मारायचं, फिरताना आपोआप बाहेर सरकतं. जास्तीचं पुसून रात्रभर तशीच ठेव.

ए-३०३: रात्रभर म्हणजे मंडपाच्या जागेवर का काका 😄

बी-२०३ ताई: हसू नका हो. माझ्या ड्रायव्हरने दार पुसलंय, ते अजून पसरलंय.

सेक्रेटरी: सी-५०४ यांनी बाईक आजच गेटजवळ हलवावी. मंडपवाले सकाळी ८ ला येतील.

सी-५०४: हलवतो सर. काका उद्या सातला येता का खाली, चेन ढिली करायची होती, पाना आहे माझ्याकडे

बी-४०२ काका: येतो. आपला स्केल घेऊन ये, माझा नातवाने तोडला.

ए-१०१ अप्पा: मी पण आहे खाली. फिरायला जातोच.