जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळताहेत, काय करू?

बाल्कनीतली_बाग:
नमस्कार मंडळी, ठाण्यात पूर्वेकडची बाल्कनी आहे, १० इंची कुंडीत लाल गावठी जास्वंद, सासूबाईंनी गावाहून फांदी आणून लावलेली, ३ वर्षं झाली. आधी रोज दोन-तीन फुलं मिळायची देवाला, आता कळी बोराएवढी होते, टोकाला लाल रंग दिसायला लागतो आणि सकाळी बघावं तर खाली पडलेली. पानं मात्र हिरवीगार आहेत. गणपतीला घरचंच फूल वाहायचंय, सासूबाईंचा फार जीव आहे त्या झाडात, प्लीज कोणीतरी सांगा.

कुंडीवाली_काकू:
अगं पानं हिरवीगार आणि कळ्या गळताहेत म्हणजे युरिया किंवा शेणखत जास्त झालंय का बघ, नायट्रोजन वाढला की झाड नुसतं पानं काढत बसतं. आणि १० इंची कुंडीत ३ वर्षं म्हणजे मुळांचा गुंता झाला असणार, माती एकदम सुकते मग एकदम भिजते, त्या धक्क्याने पण कळ्या टाकते ती. १४ इंची कुंडी घे.

शेतकरी_पोरगा:
कुंडी बदलाच पण गणपतीनंतर, आत्ता मुळं हलवली तर आहेत त्या कळ्या पण जातील. छाटणीही आत्ता नको, जास्वंदीला फूल नव्या फुटीवरच येतं. आधी एक करा, गळलेली कळी नखाने उभी चिरून पांढऱ्या कागदावर झटका. बारीक पिवळसर किडे पळताना दिसले तर फुलकिडे आहेत. आणि शेंड्याच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं, मुंग्या वरखाली करत असतील तर पिठ्या ढेकूण. शेजारी भेंडी लावलीये का? जास्वंदीच्याच कुळातली ती, अंबाडी आणि कापूस पण, एकावरून दुसरीवर जातो तो.

बाल्कनीतली_बाग:
चिरून बघितली! ३ कळ्यांत पिवळे किडे निघाले, तिळापेक्षा बारीक. मुंग्या नाहीत. भेंडी आहे, दोन कुंड्या. आता फवारू काय?

शेतकरी_पोरगा:
१ लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि भांड्याच्या साबणाचे ४-५ थेंब, नीट ढवळून संध्याकाळी ऊन उतरल्यावर मारा, पानांच्या खालून आणि कळ्यांवर, दर ६-७ दिवसांनी असं ३ वेळा. भेंडीवर पण मारा. गळलेल्या कळ्या कुंडीत ठेवू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

कुंडीवाली_काकू:
आणि सासूबाईंच्या झाडाची एक फांदी आत्ताच बाजूला लावून ठेव गं, पेन्सिलएवढी जाड, पावसाळ्यात पटकन जगते.