खाली केलेल्या स्विफ्टला १६ इंची रिम घालू की १७? ऑफसेट किती धरू?

खानापूर_केए२२

नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची स्विफ्ट पेट्रोल, सेकंडहँड. लोअरिंग स्प्रिंग टाकलेत, चारी बाजूंनी साधारण ३५ मिमी खाली बसलीय. शॉकअप कंपनीचेच. अलॉय आधीच्या मालकाने बदललेले आहेत, रिमच्या आतल्या बाजूला १५×५.५ ईटी४५ कोरलंय (१५ इंची, साडेपाच इंच रुंद, ऑफसेट म्हणजे ईटी ४५ मिमी). त्यावर १८५/६५ आर१५ टायर (रुंदी १८५ मिमी, भिंत तिच्या ६५ टक्के), तेही आता गुळगुळीत झालेत, म्हणून रिमसकट बदलायचं ठरवलंय.

दुकानदार दोन सेट दाखवतोय: १६×७ ईटी३५ वर २०५/५५, नाहीतर १७×७ ईटी३८ वर २०५/४५. म्हणतो, "दोन्ही बसतात, घासलं तर फेंडर जरा मारून देऊ." वापर म्हणजे रोज खानापूर–बेळगाव, महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून गोवा, आणि सणावाराला पाच माणसं बसवून, डिकी भरून निपाणी. टायर घासायला नको, पण १५ इंची आर्चमध्ये अगदीच बारकं दिसतंय. साईज सांगा की.

उद्यमबाग_लेथ

दोन्ही सेट ठेवून दे. दुकानात गाडी जॅकवर असते, चाक लोंबकळत असतं. त्या अवस्थेत ट्रॅक्टरचं चाकसुद्धा बसल्यासारखं वाटेल.

आधी हिशेब. रिम अर्धा इंच रुंद झालं की दोन्ही बाजूंना प्रत्येकी ६.३५ मिमी वाढतात. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर. तो आकडा जितका कमी, तितकं अख्खं चाक बाहेर सरकतं. तुझं ५.५ इंच रुंद, ईटी४५. त्याच्या जागी ७ इंच रुंद, ईटी३५ घातलं तर रुंदी दीड इंचाने वाढते, म्हणजे प्रत्येक बाजूला १९ मिमी. ऑफसेट १० ने कमी, म्हणजे आणखी १० बाहेर. रिमची बाहेरची कड २९ मिमी बाहेर आली आणि आतली कड ९ मिमी आत गेली. १७×७ ईटी३८ चं तसंच, २६ बाहेर, १२ आत.

घासतं मात्र टायर, रिमची कड नव्हे, म्हणून टायरची रुंदी वेगळी धर. टायरवर लिहिलेली रुंदी ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेली असते. त्याहून अर्धा इंच रुंद रिम घातलं की टायर साधारण ५ मिमी रुंद होतं. २०५/५५ आर१६ साडेसहा इंची रिमवर मोजतात, सातवर ते २१० धर. तुझं १८५ साडेपाचवर १८५ च धर. म्हणजे टायरची बाजू २२-२३ मिमी बाहेर येणार. पाच माणसं आणि सामान घालून मागची बाजू दबली की ते फेंडरच्या ओठावर (आत वळवलेल्या पत्र्याच्या कडेवर) बसणारच.

आता बाहेरचा व्यास:
१८५/६५ आर१५: ६२१.५ मिमी
१९५/६० आर१५: ६१५
१९५/५५ आर१६: ६२०.९
२०५/५५ आर१६: ६३१.९
२०५/४५ आर१७: ६१६.३

२०५/५५ ने व्यास १० मिमी वाढतो. गाडी ५ मिमी उचलली जाईल हे खरं, पण पुढचं चाक पूर्ण वळवल्यावर मागच्या लायनरकडेही (आर्चच्या आतल्या प्लास्टिककडे) तेवढंच सरकेल, आणि आधी तिथेच घासेल. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी आतापेक्षा साधारण १.७ टक्के जास्त पळत असेल.

माझं मत: १६×६, ईटी४० ते ४५, वर १९५/५५ आर१६. व्यास जवळजवळ तोच राहतो. ईटी४२ धरलं तर टायर ८ मिमी बाहेर, २ मिमी आत. आर्चही भरलेली दिसेल.

निपाणी_हायवे

वरचा हिशेब बरोबर, पण १६ ला माझी सही नाही. टायरची भिंत बघा. १८५/६५ ची १२० मिमी, १९५/६० आर१५ ची ११७, १९५/५५ आर१६ ची १०७, आणि ते १७ इंची तर ९२. पावसाळ्यात खानापूरकडच्या रस्त्यावर खड्डा पाण्याखाली असतो, दिसतच नाही. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये टायर चिमटलं की आतले धागे तुटतात आणि भिंतीला फुगा येतो. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायर फेकायचं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा उखडल्या की तीच गत.

गाडी मुळात १६३ मिमी उंच, ३५ खाली घेतल्यावर १२८ उरली. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तो स्विफ्टच्या २.४५ मीटर व्हीलबेसपेक्षा (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा) लांब, त्यामुळे गाडी त्यावर चढते आणि उतरते, पोट सहसा टेकत नाही. पण गावच्या वेशीवर हौसेने घातलेला अरुंद उंचवटा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध येतो. तिथे एकेक मिलिमीटर कामाला येतो, म्हणून व्यास कमी करणारी साईज नकोच. १९५/६० ने सुद्धा ३ मिमी जातात, तेवढे चालतील.

१५×६ ईटी४० वर १९५/६० आर१५ घाला. स्वस्त, कुठेही मिळतं, भिंत शाबूत.

उद्यमबाग_लेथ

१५ ला विरोध नाही. पण प्रश्न दिसण्याचाही आहे, नाहीतर गाडी खाली घेतलीच कशाला. १०७ ची भिंत हवा नीट ठेवली तर टिकते. हवा दरवाज्याच्या पट्टीवर लिहिलेली, टायर थंड असताना भरायची, आणि पाच माणसं असतील तेव्हा पट्टीवर पूर्ण लोडचा आकडा असतो तो. "मऊ चालावी" म्हणून ४-५ पीएसआय कमी ठेवणाऱ्यांचेच टायर फुगतात.

लोड इंडेक्सही बघून घे. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५, ८४ म्हणजे ५००. २०५/४५ आर१७ साध्या बांधणीत ८४ चं येतं, तेच एक्सएल (जादा भाराच्या बांधणीचं) घेतलं तर ८८. मूळच्यापेक्षा खालचा आकडा घेऊन डिकी भरायची नाही.

चंदगड_रोड

मोजायचं कसं ते कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो.

पुढे आतल्या बाजूला टायर आणि शॉकअपचा नळा यातली फट बघा. मॅकफर्सनमध्ये (स्विफ्टचं पुढचं सस्पेन्शन) नळा आणि चाक एकाच नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाला, बांधलेले असतात. गाडी दबो, उठो, स्टिअरिंग वळो, ही फट बदलत नाही. म्हणून एकदाच मोजली की काम झालं. कणकेचा घट्ट गोळा मधे दाबायचा, काढून जाडी मोजायची. नवीन टायर जितकं आत जाणार तितके मिमी वजा करा. ५ मिमी उरलेच पाहिजेत.

मागचं गणित वेगळं. तिथे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा. सरळ दबताना चाकाचा वरचा भाग आत झुकत नाही, जवळजवळ सरळ वर जातो. म्हणजे बाहेर आलेलं टायर थेट ओठाला भेटणार. वाकलेल्या पत्र्याच्या आतल्या कडेपासून ओळंबा सोडा आणि टायरच्या सर्वांत फुगीर जागेपर्यंत आडवं अंतर घ्या. गाडी सपाट जागेवर हवी, ओळंबा स्थिर होऊ द्या.

आता महत्त्वाचं. गाडी खाली घेतली म्हणून चाक जास्तीत जास्त किती वर जाईल ते बदलत नाही. ती हद्द बंपस्टॉप (सस्पेन्शन शेवटी ज्यावर टेकतं तो ठोकळा) ठरवतो. खाली घेतलेली गाडी त्या हद्दीला वारंवार पोचते, एवढाच फरक. म्हणून खरी चाचणी बंपस्टॉपवर घ्यायची: गाडी स्टँडवर, मागची स्प्रिंग काढलेली, बंपस्टॉप जागेवर, आणि बीमखाली जॅक लावून बंपस्टॉपला टेकेपर्यंत चाक वर. तिथे ५ मिमी मोकळे असतील आणि घाटाच्या वळणावर बुश (सांध्यातले रबर) दबण्यासाठी आणखी ३-४, तर पाच माणसांतही घासणार नाही. स्प्रिंग काढायची सोय नसेल तर डिकीत ५० किलोची दोन पोती, मागे तीन माणसं बसवून बघा, पण ही कच्ची चाचणी. खड्ड्यात चाक याच्याही वर जातं.

बंपस्टॉप कापून "जागा करून देतो" म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका, ती हद्दच तो वर सरकवतोय. कापलेली स्प्रिंगही नको. गाडी उचलली की ती सीटवरून सुटते आणि परत वाकडी बसते.

खानापूर_केए२२

मोजलं. कणीक ११ मिमी भरली. मागे ओळंब्यापासून टायरपर्यंत १८ मिमी, गाडी उभी असताना. अडचण अशी की १६×६ मध्ये दुकानात ईटी३८ च मिळतंय. चालेल काय? रिमचं मधलं भोक ७३.१ मिमी आहे, तो म्हणतो नटनेच सेंटर होतंय.

चंदगड_रोड

आत काही अडचण नाही. ईटी३८ ने टायर आत जात नाही, उलट २ मिमी बाहेर सरकतं, म्हणजे कणीक १३ भरेल. बाहेर मात्र ५ आणि ७ मिळून १२. अठरातले ६ उरले, तेही उभ्या गाडीत. वळणावर बुशने ३-४ खाल्ले की काठावरच. ओठ आत दुमडून घेणार असाल तर घ्या. पत्रा हीट गनने तापवत, रोलरने तीन-चार फेऱ्यांत वळवायचा, हातोड्याने नव्हे. थंड पत्र्यावर रंगाला केस जातात आणि आपल्याकडच्या पावसात त्याच भेगेतून गंज धरतो. दुमडल्यावर आतून सीलंट मारा. हे नको असेल तर ईटी४२ ची वाट बघा.

उद्यमबाग_लेथ

"नटने सेंटर होतंय" ऐकू नको. स्विफ्टचा हब (चाक बसतं तो मधला गोल) ५४.१, पीसीडी ४×१००, म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर चार नट. ७३.१ च्या भोकात ७३.१–५४.१ ची रिंग बसवायची, शक्यतो ॲल्युमिनियमची. नाहीतर बॅलन्सिंग कितीही केलं तरी ८०-१०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. नट एम१२×१.२५, आणि त्याचा उतार रिमच्या सीटशी जुळला पाहिजे. उताराच्या सीटवर गोल नट बसल्यासारखा वाटतो आणि ढिला होतो. घट्ट करताना समोरासमोरचे नट आळीपाळीने, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. १०० किमीनंतर परत एकदा. स्पेसर (हब आणि रिम यांच्यामधली चकती) घालून ऑफसेट "जुळवून देतो" म्हणाला तर निघून ये.

अलाइनमेंट आत्ता नको, स्प्रिंग बसायला ५०० किमी जाऊ दे, मग मात्र करून घेच. खाली घेतल्याने टाय रॉडचा कोन बदलतो, टो (वरून बघताना चाकं सरळ आहेत की आत-बाहेर वळलेली) बिघडतो, आणि नवं टायर आतल्या कडेने महिन्या-दोन महिन्यांत खाल्लं जातं. लोक कॅम्बरला (चाकाच्या वरून खाली झुकण्याला) दोष देतात, खातो टो. मागचा बीम ॲडजस्ट होत नाही, पण रीडिंग घ्यायला सांग. डाव्या-उजव्यात मोठा फरक दिसला तर बीमच वाकलेला असेल, गाडी सेकंडहँड आहे.

निपाणी_हायवे

आणि जुन्या टायरवर गोव्याला जाऊ नका. चर १.६ मिमीच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद आहे. नवीन रिमची विमा कंपनीकडे नोंद करून ठेवा. फेंडरबाहेर आलेलं चाक मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये (गाडीत बदल करण्याबद्दलचं) अडकू शकतं, आणि कोगनोळीला महाराष्ट्राची हद्द ओलांडली की दुसऱ्या राज्याचे पोलीस.

खानापूर_केए२२

ईटी४२ ची ऑर्डर दिली, आठ दिवस लागतील. रिंग आणि नट सोबत मागवलेत. तोपर्यंत चोर्ला रद्द.