निमंत्रणावर 'आपली काव्यगाथा': हे बरोबर आहे का?

धरमपेठकर: आमच्या वाचनालयातल्या बावीस कवींच्या निवडक कवितांचं पुस्तक निघतंय. निमंत्रणावर छापलंय 'आपली काव्यगाथा'. मला खटकलं. गाथा म्हणजे मुळात एक सुटं पद्य. 'गै' म्हणजे गाणे, त्या धातूवरून. हाल या सातवाहन राजाच्या महाराष्ट्री प्राकृतातल्या ग्रंथात गाथा सातशे, म्हणून तो 'गाथासप्तशती'. अशा संग्रहाला जुना शब्द 'कोश'. बाणभट्टाने हर्षचरितात सातवाहनाच्या सुभाषितांना कोशच म्हटलंय.

महालवाला: काऊन बाप्पा, तुकोबांचा गाथा काय एका कडव्याचा आहे? साडेचार हजारांवर अभंग आहेत त्यात! आणि कोश म्हटलं की लोक शब्दकोश समजतील. प्रेमकविता 'प'मध्ये शोधत बसतील.

धरमपेठकर: समजू देत. विश्वनाथाने चौदाव्या शतकात साहित्यदर्पण या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात व्याख्याच केलीय: एकमेकांवर न विसंबणाऱ्या श्लोकांचा समूह तो कोश. आपल्या कवींना याहून नेमकं काय लागू पडेल? त्यातले चार तर एकमेकांशी बोलतही नाहीत.

सक्करदरा: दोघंही मुद्दा सोडून भांडून राहिले. गाथा काय, कोश काय, त्यात निवड कुठे दिसते? बावीस जणांच्या वह्यांतून तीन-तीन कविता काढायला आम्हाला चार महिने लागले (रुसवेफुगवे वेगळेच). परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनी १८५४ साली जुन्या मराठी कवितेतले वेचे काढले आणि नाव दिलं 'नवनीत'. घुसळलं, लोणी वर काढलं. ग्रीकांचा शब्दही फुलं वेचणे असाच. तोच पुढे इंग्रजीत अँथॉलॉजी झाला. आपल्याकडे 'वेचे' आहे की.

महालवाला: वेचे नको. सातवीचं पुस्तक वाटते. खाली स्वाध्याय पण छापा मग!

रामदासपेठ: एक राहिलंच. माझी वारकरी आजी 'गाथा वाचला' म्हणायची, 'वाचली' कधीच नाही. हालाची ती गाथा, देहूचा तो गाथा. सुटं पद्य स्त्रीलिंगी, अख्खा ग्रंथ पुल्लिंगी. तेव्हा महालवाले संग्रहाच्या अर्थाबद्दल बरोबर, पण निमंत्रण चूकच. 'आपली' काव्यगाथा म्हणजे बावीस जणांत मिळून एकच कडवं.

धरमपेठकर: हे मान्य. पण मुखपृष्ठ छापून आलंय, त्यावरही 'आपली'च आहे. छापखानेवाला म्हणतो, वेलांटी खोडून काना चिकटवतो, प्रत्येक प्रतीवर, हाताने.

महालवाला: किती प्रती?

धरमपेठकर: पाचशे.