'नल'ला मराठीत काय म्हणावं : निरंक, रिक्त, कोरं की आणखी काही?

खतावणी :
तालुक्यातल्या पाणीटंचाईच्या आकड्यांचं काम माझ्याकडे आलंय. ५० गावं, प्रत्येक गावापुढे 'चालू टँकर' हा रकाना. काल साहेबांनी विचारलं, टँकर नसलेली गावं किती? मी डेटाबेसला क्वेरी टाकली, टँकर = ०. उत्तर ३१. मग म्हणाले, असलेली? टँकर <> ०. उत्तर १२. साहेबांनी तोंडी बेरीज केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ४३ झाली, बाकीची सात गावं गेली कुठे?

तासभर शोधल्यावर कळलं, त्या सातांच्या रकान्यात नल (NULL) आहे, म्हणजे काही भरलेलंच नाही. आता अहवालाखाली मराठीत टीप द्यायची आहे. मी लिहिलं, 'सात गावांची माहिती निरंक'. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "असं लिहू नकोस, अर्थ उलटा होईल." का ते सांगेपर्यंत त्यांची एसटी आली. मग लिहू काय? शून्य? रिक्त?

बाराखडी :
भाऊसाहेबांचं बरोबर आहे. फोड केली तर निर् + अंक, म्हणजे 'जिथे अंक नाही ते', आणि एवढ्यावरून हा शब्द नलला चपखल वाटतो. पण अर्थ वापरातून ठरतो. कचेरीत निरंक म्हणजे 'आम्ही पाहिलं, एकही नाही'. निरंक अहवालालाही सही-शिक्का लागतो, जावक क्रमांक पडतो. ज्या गावानं निरंक कळवलं त्याच्या रकान्यात ० येतो. ज्या गावाचं पत्रच आलं नाही त्याच्या रकान्यात नल. तुम्ही त्या सात गावांच्या वतीनं परस्पर उत्तर देऊन टाकत होतात.

शून्याचं तर नावच नको. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम घालून दिले, तेव्हापासून ती रीतसर संख्या आहे. शून्यात पाच मिळवले की पाच होतात. नलमध्ये पाच मिळवले तरी नलच राहतो.

तिरफळ :
रिक्तही जमणार नाही. 'पद रिक्त आहे' म्हणताना पद आहे आणि त्यावर कोणी नाही, हे दोन्ही पक्कं ठाऊक असतं. 'कोरं' थोडं जवळ येतं, पण कोरा मजकूर, म्हणजे एकही अक्षर नसलेली माळ, ही डेटाबेसमध्ये बहुतेक ठिकाणी वेगळी चीज मानतात. ओरॅकल मात्र कोऱ्या मजकुरालाच नल समजतं. त्यामुळे तिकडून इकडे डेटा आणणाऱ्यांच्या डोक्याला जो ताप होतो तो विचारू नका.

पाटीपेन्सिल :
शब्दाआधी तुमची सात गावं कुठे गेली ते बघू.

रकान्यात नल असेल तर 'टँकर = ०' या प्रश्नाचं उत्तर 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) तिथे तिसरं उत्तर देतं, 'अननोन', म्हणजे 'ठाऊक नाही'. 'टँकर <> ०' विचारलं तरी तेच. आणि 'व्हेअर', म्हणजे क्वेरीतली अट, फक्त 'हो' वाल्या ओळी आत घेतो. म्हणून ती गावं दोन्ही दारांवरून परत गेली. 'टँकर = ० किंवा टँकर <> ०' असं एकत्र विचारलंत तरी येणार ४३च. 'नॉट' लावूनही सुटका नाही, कारण 'ठाऊक नाही'च्या उलट 'ठाऊक नाही'च.

'आणि', 'किंवा' मात्र शहाणे आहेत. एक बाजू साफ खोटी असेल तर 'आणि'चं उत्तर खोटं, मग दुसरी बाजू ठाऊक असो वा नसो. एक बाजू खरी असेल तर 'किंवा' खरा. अडतं ते उरलेल्या बाजूवर सगळं अवलंबून असेल तेव्हाच.

रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या ई. एफ. कॉड यांनी १९७९ च्या निबंधात नल आणि हे तीन उत्तरांचं तर्कशास्त्र सविस्तर मांडलं. क्रिस डेट यांनी त्याला सतत विरोध केला. तीन उत्तरांत माणूस हमखास चुकतो, असं त्यांचं म्हणणं. साहेबांचा चष्मा आठवून बघा, डेट यांची बाजू लगेच पटेल.

ओसरी :
आपल्याकडे 'अभाव' आहे की! वैशेषिकांनी तो सातवा पदार्थ म्हणून धरलाय.

बाराखडी :
पण त्या अभावाचं ज्ञान निश्चित असतं. 'इथे जमिनीवर घडा नाही' हे मी बघून सांगतो. म्हणजे नैयायिकांचा अभाव हा तुमच्या भाऊसाहेबांचा निरंक झाला.

त्यांच्याकडचा कामाचा शब्द दुसराच आहे, 'संशय'. अंधारात काहीतरी उभं दिसतं. खांब आहे की माणूस? 'स्थाणुर्वा पुरुषो वा'. तुलनेचं जे तिसरं उत्तर येतं त्याला मी 'अज्ञात'पेक्षा 'संशय' म्हणेन. नल रकान्यात बसतो आणि तुलना केली की संशय उपजतो. लोक या दोहोंना एकच नाव देतात, तिथे अर्धा गोंधळ आहे.

पाटीपेन्सिल :
व्वा, हे आवडलं. मग पुढचंही कोर्टाच्या भाषेत सांगता येईल. 'व्हेअर' संशयाचा फायदा देत नाही. खरं सिद्ध झालं तरच ओळ आत. 'चेक' मात्र देतो. 'वय >= १८' अशी अट टेबलावर घातलीत आणि वय नल ठेवून ओळ भरलीत, तर ती बिनबोभाट आत जाते, कारण 'चेक' फक्त साफ खोट्यालाच अडवतो. म्हणून त्या रकान्याला 'नॉट नल'ची अट वेगळी लावावी लागते.

तिरफळ :
एक शंका. दोन गावांचे नल आपसात तरी समान ना?

पाटीपेन्सिल :
नाही. 'नल = नल' हाही संशयच. दोन गावांनी कळवलं नाही म्हणून दोघांचे टँकर सारखे कसे ठरतील? म्हणून 'इज नल' असं वेगळं विचारावं लागतं.

ओसरी :
हे तर दमयंतीला विचारा! स्वयंवरात समोर पाच नल, त्यातले चार देव. 'नल बरोबर नल' म्हणून माळ घातली असती तर फसलीच असती. तिनं तुलना सोडली आणि खुणा पाहिल्या. देवांच्या पापण्या लवत नव्हत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते.

पाटीपेन्सिल :
'इज नल' हीसुद्धा खूणच तपासते, किंमत बघत नाही. :)

पण खुद्द एसक्यूएल आपलंच म्हणणं नेहमी पाळत नाही. गट पाडणारा 'ग्रुप बाय' आणि दुबार गाळणारा 'डिस्टिंक्ट' सगळे नल एकाच गठ्ठ्यात बांधतात. व्यवहाराला सोयीचं आहे, तर्काला नाही. नल-नल सारखे धरूनच तुलना हवी असेल तर 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम' असतं. नावातच दोन नकार, वाचताना जीभ अडखळते.

खतावणी :
सरासरीचं काय? मी प्रति गाव टँकर काढून ठेवलेत.

पाटीपेन्सिल :
'अॅव्हरेज'नं नल वगळले, म्हणजे भागाकार ४३ नं झाला. तुम्ही स्वतः एकूण बेरजेला ओळींच्या मोजणीनं भागलं असतं तर ५० नं झाला असता. नुसत्या ओळी मोजल्या की ५०, टँकरचा रकाना मोजला की ४३. कोणतं बरोबर ते तुमच्या प्रश्नावर. पण अहवालात छेद लिहा.

'नॉट इन'लाही जपा. समजा, मेंटेनन्स न भरलेले फ्लॅट शोधताय, म्हणजे फ्लॅट क्रमांक 'भरलेल्यांच्या यादीत नाही' ते. त्या यादीत एका पावतीवर फ्लॅट क्रमांक टाकायचा राहिलाय. उत्तरात एकही ओळ येत नाही, सोसायटीत थकबाकीदारच नाहीत! कारण तो अनामिक पैसे भरणारा ४ नंबरवाला असू शकतो, ७ नंबरवालाही. कोणाबद्दलच 'यादीत नाही' असं खात्रीनं म्हणता येत नाही. तिथे 'नॉट एक्झिस्ट्स' वापरा, तो 'या फ्लॅटशी जुळणारी ओळ यादीत आहे का' एवढंच विचारतो.

तिरफळ :
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे कळता कामा नये.

बाराखडी :
मूळ प्रश्नाकडे. कॉड यांनी १९९० च्या पुस्तकात नलचे दोन प्रकार सुचवले होते. किंमत आहे पण आपल्याला ठाऊक नाही, हा एक. तिथे किंमत असण्याचा प्रश्नच नाही, हा दुसरा. एसक्यूएलनं ते घेतले नाहीत, एकाच नलवर भागवलं. आपल्या छापील अर्जांत मात्र 'लागू नाही' कधीपासून आहे. अविवाहितापुढे लग्नाची तारीख विचारली की आपण तेच लिहितो.

म्हणून एकच प्रतिशब्द शोधण्यात अर्थ नाही. बोलताना खुशाल नल म्हणा. कागदावर, दुसऱ्या प्रकाराला 'लागू नाही' आणि पहिल्याला 'नोंद नाही'. 'अनुक्त', म्हणजे 'न सांगितलेलं', हा शब्द मनात आला होता, सुंदर आहे, पण साहेब पुन्हा चष्म्यावरून बघतील.

ओसरी :
'अप्राप्त' चालेल का?

बाराखडी :
टीपेत चालेल, 'सात गावांचे अहवाल अप्राप्त'. त्यात कोणाकडून यायचं होतं हेही कळतं. रकान्यात मात्र 'नोंद नाही' बरं, कारण कधी कधी अहवाल येतो आणि नेमका तेवढाच आकडा नसतो.

खतावणी :
टीप बदलली. 'टँकर असलेली गावं १२, निरंक ३१, नोंद नाही ७.' बेरीज ५०. साहेबांनी वाचून एवढंच विचारलं, "मग फोन लावले का?"

लावले. चार निरंक निघाली. दोन गावांत टँकर चालू आहेत, एका ठिकाणी तर दोन आठवडे झाले. सातवं गाव फोन उचलत नाहीये.